विद्याशाखांच्या भिंती आणि 'लिबरल' शिक्षण

निळी शाई

माझी पीएच.डी. रसायनशास्त्रातली. पाच वर्षं एका धातूच्या संयुगांपलीकडे दुसरं काही सुचलं नाही. पदवीचा कागद हातात आला तेव्हा तो पहिल्यांदा नीट वाचला: डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी. तत्त्वज्ञानाचं एक पुस्तकही मी तोवर धड वाचलेलं नव्हतं. जुनी रीत असेल म्हणून सोडून द्यायला हवं होतं, पण तो शब्द डोक्यातून जाईना. मिळेल तेव्हा त्याच्या मागे वाचत गेलो. आज हिंमत करून धागा काढतोय.

मध्ययुगातल्या युरोपीय विद्यापीठांची ठरलेली मांडणी चार फॅकल्टींची, म्हणजे विद्याशाखांची. धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक या तीन 'वरच्या'. कलांची चौथी, ती 'खालची'. पॅरिससारख्या ठिकाणी धर्मशास्त्राकडे जायचं तर आधी ही पायरी चढावी लागे. 'कला' म्हणजे चित्रकला नव्हे. व्याकरण, तर्क, वक्तृत्व ही तीन शब्दांची. अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल ही चार मोजमापाची. जर्मन विद्यापीठांत या खालच्या फॅकल्टीला तत्त्वज्ञानाची फॅकल्टी म्हणू लागले. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९८ साली मांडलं की वरच्या तिघींवर सरकारचा डोळा असणारच, कारण लोकांचा परलोक, मालमत्ता आणि शरीर त्यांच्या हातात आहे. खालचीला मात्र खरं काय तेवढंच बघायचं असतं, म्हणून तिला मोकळीक हवी.

पुढच्या शतकात हीच खालची फॅकल्टी सगळ्यांच्या वर गेली. १८१० साली बर्लिनचं विद्यापीठ सुरू झालं. ते उभारणाऱ्या हुम्बोल्टची कल्पना अशी, की शिकवणं आणि शोधणं वेगळं काढायचं नाही. प्राध्यापक आणि विद्यार्थी दोघंही ज्ञानासाठी तिथे आहेत, आणि ज्ञान कधी पुरं झालेलं नसतं. भौतिक, रसायन, इतिहास, भाषाविद्या हे सगळं त्या तत्त्वज्ञानाच्या फॅकल्टीत वाढलं, म्हणून तिथले सगळे डॉक्टर तत्त्वज्ञानाचे. माझ्या कागदावरचा शब्द तिथून आला.

एक प्रसंग सांगतो. १७७७ सालच्या एप्रिलमध्ये फ्रीड्रिश वोल्फ नावाचा अठरा वर्षांचा मुलगा ग्योटिंगेनला नाव नोंदवायला गेला. फॅकल्टी कुठली असं विचारल्यावर तो म्हणाला, फिलॉलॉजी, म्हणजे ग्रीक-लॅटिन ग्रंथांचा अभ्यास. अशी फॅकल्टीच नाही, शाळामास्तर व्हायचं असेल तर धर्मशास्त्रात नाव घाल, असं त्याला सांगण्यात आलं. तो अडून बसला आणि हवं तेच लिहून घेतलं, अशी ही गोष्ट सांगतात. याच वोल्फने पुढे १७८७ साली जर्मनीतल्या हाले इथे सेमिनार सुरू केला. मोजके विद्यार्थी टेबलाभोवती बसायचे, समोर एक मूळ पाठ, त्यातली एकेक ओळ तपासायची. आज आपण ज्याला 'विषयात तयार होणं' म्हणतो ते असल्या टेबलांवर घडलं.

आता माझा मुद्दा. १८२८ साली अमेरिकेतल्या येल कॉलेजने एक अहवाल काढला. ग्रीक-लॅटिन कशाला शिकवता, असा लोकांचा सूर होता, त्याला ते उत्तर होतं. त्यात म्हटलंय की शिक्षणाला दोन गोष्टी साधायच्या असतात, मनाची शिस्त आणि मनातलं सामान. त्यातली शिस्त महत्त्वाची. शिस्तीसाठी त्यांचा शब्द आहे 'डिसिप्लिन'. ही डिसिप्लिन विद्यार्थ्याच्या मनात असते.

तेच शतक संपत आलं तेव्हाचं अमेरिकेतलं चित्र बघा. १८७६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ जर्मन धर्तीवर उघडलं. १८८३ ते १८९२ या काळात भाषा-साहित्यवाल्यांची, इतिहासकारांची, अर्थशास्त्रज्ञांची, मानसशास्त्रज्ञांची राष्ट्रीय मंडळं एकामागोमाग स्थापन झाली. प्रत्येकाचं नियतकालिक, प्रत्येकाचा विभाग, प्रत्येकाची पीएच.डी. आता डिसिप्लिन म्हणजे विषय, आणि विषयाला कुंपण. शब्द तोच, पण मुलाच्या मनातून उठून विभागाच्या दारावरच्या पाटीवर जाऊन बसला. आपलं जे हरवलं ते या सरकण्यात हरवलं असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

कोरा कागद

उत्तम धागा. एक शंका. 'लिबरल एज्युकेशन'ला मराठीत 'उदारमतवादी शिक्षण' म्हणतात. ते ऐकलं की राजकीय मत वाटतं. मुळात अर्थ काय?

तळटीप

@कोरा कागद, भाषांतर फसवं आहे. लॅटिनमध्ये 'लिबर' म्हणजे स्वतंत्र माणूस, जो गुलाम नाही तो. त्याला शोभतील त्या विद्या म्हणजे लिबरल. हातानं करायची, पोटासाठी करायची कामं इतरांची. 'उदार' या शब्दात ही मालक-गुलामाची भेग झाकली जाते. 'मुक्त' म्हणावं तर मुक्त विद्यापीठ आठवतं. मी तरी 'लिबरल' तसाच ठेवतो.

निळी शाई, 'डिसिप्लिन'बद्दल मात्र एक दुरुस्ती. लॅटिन 'डिसिप्लिना' म्हणजे शिष्य जे शिकतो ते, आणि विषय हा अर्थही त्यात जुनाच. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन पंडित वॅरोने नऊ विद्यांवर नऊ पुस्तकं लिहिली, त्यांच्या नावातच हा शब्द होता. पुस्तकं आज हाती नाहीत, पण यादी अशी असावी असं मानतात: तुम्ही दिलेल्या सात, शिवाय वैद्यक आणि वास्तुविद्या. पाचव्या शतकात मार्टियानस कापेला हा लॅटिन लेखक सात विद्यांना देवांच्या लग्नातल्या करवल्या करून उभं करतो. वैद्यक आणि वास्तुविद्याही तिथे हजर असतात, पण त्यांना बोलू दिलं जात नाही, कारण त्यांचा संबंध मर्त्य, जमिनीवरच्या गोष्टींशी. तेव्हा कुंपण जर्मन प्राध्यापकांनी पहिल्यांदा घातलं असं नाही.

निळी शाई

दुरुस्ती मान्य. मी घाईत सरळ रेष ओढली. 'शब्द सरकला' ऐवजी 'शब्दाचा भार एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला' असं म्हणायला हवं होतं. गप्प बसवलेल्या त्या दोघींची गोष्ट मला माहीत नव्हती, फार आभार.

तानपुरा

संगीत गणिताच्या बाजूला कसं, याचं नवल वाटलं असेल तर हे करून बघा. एक तार ताणून बांधा. मोकळी छेडा, तो सा. बरोबर मध्यावर दाबून छेडा, वरचा सा. आता दोन तृतीयांश लांबीवर दाबा, पंचम. म्हणजे २:१ आणि ३:२. गळ्याला जे गोड लागतं ते पट्टीवर साध्या पूर्णांकांत उतरतं. हे पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तोवर मी बारा वर्षं शिकत होते. शिकवताना मला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते 'फिजिक्समध्ये येतं'.

आणि ही जोडी नुसती शोभेची नव्हती. खगोलशास्त्रज्ञ केप्लरचा तिसरा नियम, ग्रहाच्या प्रदक्षिणेचा काळ आणि सूर्यापासूनचं अंतर यांचं नातं सांगणारा, १६१९ साली छापला गेला तो विश्वातल्या सुसंवादावरच्या पुस्तकात. ग्रहांच्या वेगांत स्वरांची गुणोत्तरं आहेत का, हे शोधणाऱ्या पुस्तकात. संगीत आणि खगोल वेगवेगळ्या इमारतींत असते तर तो नियम त्याला त्या वाटेने सापडला नसता.

माळरान

धागा आवडला, पण 'आपलं जे हरवलं' वाचून थांबले. आपलं म्हणजे कुणाचं?

ज्या अखंड शिक्षणाबद्दल हळहळ वाटतेय ते अखंड होतं, कारण दारात चाळणी लावलेली होती. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये पदव्या, फेलोशिपा आणि पदांसाठीच्या धर्माच्या अटी १८७१ च्या कायद्याने बऱ्याचशा गेल्या. बायकांना ऑक्सफर्डने पदवी दिली १९२० साली. केंब्रिजने १९४८ साली! केंब्रिजचं मुलींचं गर्टन कॉलेज १८६९ चं. म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षं मुली तेच शिकत होत्या, त्याच परीक्षा देत होत्या, आणि पूर्ण पदवी नाही.

मेरी सॉमरव्हिलचं उदाहरण देते. ही मुलगी रात्री युक्लिड वाचायची. मेणबत्त्या फार संपतात म्हणून नोकरांनी घरच्यांना सांगितलं, आणि मेणबत्त्या काढून घेतल्या गेल्या. मग ती अंधारात पडल्या पडल्या पाठ केलेल्या प्रमेयांवरून मनातल्या मनात जात राहायची. विद्यापीठाचं दार तिला कधी उघडलं नाही. १८३४ साली तिने भौतिक विज्ञानांच्या परस्परसंबंधावर पुस्तक लिहिलं. त्याचं परीक्षण केंब्रिजच्या व्ह्यूएलने केलं. त्या परीक्षणात तो तक्रार करतो की विज्ञानं एकमेकांपासून तुटत चालली आहेत, आणि ती करणाऱ्या सगळ्यांना मिळून एक नावसुद्धा नाही. आणि 'सायंटिस्ट' हा शब्द तिथे पहिल्यांदा छापला जातो.

तुटत चाललेलं जोडून दाखवणारं पुस्तक लिहिलं जिला आत घेतलं नाही तिने. म्हणून विचारलं, कुणाचं हरवलं?

निळी शाई

@माळरान, दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण लगेच देता येईना. तुमचं बरोबर आहे. 'आपलं' हा शब्द मी विचार न करता लिहिला.

पण त्यामुळेच मला कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत ड्यू बॉइस आठवला. अमेरिकेत गुलामगिरी संपून एक पिढी उलटली होती. कृष्णवर्णीयांचे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन टस्कीगीच्या आपल्या संस्थेतून सांगत होते की आपल्या मुलांनी आधी हाताचं काम शिकावं, पायावर उभं राहावं. ड्यू बॉइस १९०३ साली त्याच्या विरोधात उभा राहिला. सुतारकाम शिकवू नका असं तो म्हणत नव्हता. शिक्षणाने माणसाला सुतार करायचं नसतं, सुताराला माणूस करायचं असतं, असं त्याचं म्हणणं. हा माणूस स्वतः आधी विल्बरफोर्स विद्यापीठात ग्रीक आणि लॅटिन शिकवून आलेला, आणि हार्वर्डमधून इतिहासात पीएच.डी. झालेला.

तळटीप यांनी 'लिबर'चा अर्थ सांगितला तो इथे ठेवून बघा. गुलाम नसलेल्यांची विद्या, ती गुलामांच्या नातवंडांनी मागितली, आणि पातळ करून नको, पुरी हवी म्हणून मागितली. दारातली चाळणी वाईट होती हे शंभर टक्के मान्य. आत जे होतं ते हवंसं होतं, हेही दाराबाहेरच्यांनीच सांगितलं.

माळरान

हे मान्य. ड्यू बॉइसचा मुद्दा मनात राहील.

काटकोन

मी अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून भिंतींच्या बाजूने बोलतो. अ‍ॅडम स्मिथ ग्लासगोला १७५२ पासून नैतिक तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. त्याच्या एका व्याख्यानक्रमात ईश्वरविचार, नीती, न्याय आणि शेवटी राज्याची संपत्ती, असं सगळं एका ओघात यायचं. वाचायला फार सुंदर वाटतं. केंब्रिजला अर्थशास्त्र नैतिक विज्ञानांच्या परीक्षेतला एक भाग होतं. तिथल्या प्राध्यापक मार्शलने कित्येक वर्षं खटपट करून १९०३ साली त्याची स्वतंत्र परीक्षा सुरू करून घेतली. का? कारण नुसत्या तोंडओळखीवर कुणी गंभीर काम करू शकत नव्हतं. आकडेवारी शिकायला, ती तपासायला, चूक पकडायला वर्षं लागतात.

भिंत म्हणजे तुमचं काम वाचून 'हे चुकलंय' असं म्हणू शकणारी माणसं. ती नसतील तर प्रत्येक जण प्रत्येक विषयावर बोलेल आणि कुणालाच कुणाची चूक दिसणार नाही. निळी शाई, तुमचा प्रबंध तपासणारे दोघं त्याच संयुगांवर आयुष्य घालवलेले असणार. ते सामान्य वाचक असते तर चाललं असतं का?

जे गेलं तेही सांगतो. मार्शलच्या परीक्षेनंतर स्मिथच्या व्याख्यानातला न्यायाचा भाग दुसऱ्या इमारतीत गेला. माझे विद्यार्थी किमतीचं समीकरण सोडवतात, पण ही किंमत न्याय्य आहे का असं विचारलं तर 'सर, ते आपल्यात येत नाही' म्हणतात. तेव्हा मला वाईट वाटतं.

कोरा कागद

'आपल्यात येत नाही' हे वाक्य मी शिकताना सतत ऐकलंय. सोळाव्या वर्षी विज्ञान की कला हे ठरवायला लावलं, आणि त्यानंतर इतिहासाचं पुस्तक हातात दिसलं तरी लोक विचारायचे, अभ्यास सोडून हे काय.

पाणंद

उशिरा आले, पण या विषयात माझी बरीच वर्षं गेलीत म्हणून सविस्तर लिहिते.

भिंती पाडायचे उपाय झाले नाहीत असं नाही. चार्ल्स एलियट १८६९ साली हार्वर्डचा अध्यक्ष झाला, तोही रसायनवाला. त्याने विद्यार्थ्याला विषय निवडायची मोकळीक दिली, इतकी, की १८९७ पर्यंत पहिल्या वर्षाचं इंग्रजी लेखन एवढंच काय ते सक्तीचं उरलं. 'लिबर'चा त्याचा अर्थ असा: निवडू शकतो तो स्वतंत्र. त्याच्यानंतरच्या लॉवेलने १९१० च्या सुमारास लगाम घातला, एका विषयात खोल जा आणि बाकीचे थोडे थोडे घ्या. 'मेजर' आणि बाजूचे दोन-चार पेपर, ही आजची रचना तिथली. कोलंबियाने १९१९ साली तिसरी वाट काढली. पहिल्या महायुद्धात युद्धाची कारणं समजावणारा एक अभ्यासक्रम तिथे होता, तो शांततेच्या काळासाठी बदलून सगळ्यांना सक्तीचा केला. छोटे गट, वाचन, चर्चा. हार्वर्डचा १९४५ चा सामान्य शिक्षणावरचा अहवालही पुन्हा एका महायुद्धातूनच आला. जग हादरलं की विद्यापीठांना आठवण येते की सगळ्यांनी मिळून काहीतरी एक वाचलेलं असायला हवं.

आता माझं. सहा वर्षं मी आणि भौतिकशास्त्राचे एक सहकारी मिळून पहिल्या वर्षाला एक अभ्यासक्रम शिकवत होतो. साहित्याकडून मी. गॅलिलिओची १६१० ची चंद्राची चित्रं आम्ही मुलांपुढे ठेवायचो आणि वीस मिनिटं काही बोलायचो नाही. नुसतं बघा. उजेड आणि अंधाराची सीमा वेडीवाकडी आहे. अंधाऱ्या भागात काही ठिपके उजळ आहेत. मग कुणीतरी हळूच म्हणायचं, ते डोंगराचे शेंडे असतील, ऊन तिथे आधी पोचत असेल. माझे सहकारी फळ्यावर त्रिकोण काढून डोंगराची उंची काढून दाखवायचे. मी विचारायचे, चंद्र गुळगुळीत असायलाच हवा असं लोकांना का वाटत होतं? छायाप्रकाशाची चित्रकाराची नजर नसती तर गॅलिलिओने ते ठिपके डोंगर म्हणून वाचले असते का? एका वर्गात भूमिती, अ‍ॅरिस्टॉटल आणि चित्रकला.

अभ्यासक्रम बंद झाला. विरोध कुणाचाच नव्हता. प्रश्न एवढाच आला की शिकवण्याचे तास कुठल्या विभागाच्या नावावर धरायचे. दोन बैठका झाल्या, दोन्ही विभाग म्हणाले आमचा नाही. तिसरी बैठक झालीच नाही. मी तेव्हा भांडायला हवं होतं. भांडले नाही याची खंत अजून आहे.

@काटकोन, तुमची भिंत मला मान्य आहे. चूक पकडणारी माणसं हवीतच. पण त्या भिंतीचं काम ज्ञान तपासण्याचं. तास मोजायला आणि माणसं नेमायला तीच वापरली की मग आमच्यासारखा वर्ग कुणाच्याच हद्दीत बसत नाही.

काटकोन

पाणंदताई, हा फरक मी कधी केला नव्हता. पटला.

तळटीप

या वादाचं जुनेपण एका खुणेवरून कळतं. जीवशास्त्रज्ञ हक्सलीने १८८० साली शिक्षणात विज्ञानाच्या बाजूने मांडणी केली, त्याला कवी-समीक्षक मॅथ्यू अर्नल्डने साहित्याच्या बाजूने उत्तर दिलं १८८२ साली, केंब्रिजच्या रीड व्याख्यानात. वैज्ञानिक आणि कादंबरीकार सी. पी. स्नोने साहित्यवाले आणि विज्ञानवाले या दोन संस्कृती एकमेकांशी बोलतच नाहीत असं १९५९ साली सांगितलं, तेही रीड व्याख्यानातच. मधे सत्त्याहत्तर वर्षं.

आणि मराठीसाठी एक. इंग्रजीत 'सायन्स' हळूहळू निसर्गविज्ञानापुरतं आकसलं, म्हणून त्यांना ही दरी फार खोल दिसते. जर्मन 'विसेनशाफ्ट' अजून इतिहासालाही चालतो. आपला 'शास्त्र' तसाच आहे. व्याकरण हे शास्त्र, भौतिक हे शास्त्र, नीतिशास्त्र, संगीतशास्त्र. नीट, क्रमाने, कारणांसह मांडलेलं ते शास्त्र. 'विज्ञान शाखा' आणि 'कला शाखा' म्हणायला लागलो तेव्हा आपण इंग्रजीची भेग उचलली, हातात जोडणारा शब्द असताना.

अंकुर

मी जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आतापर्यंत फक्त वाचत होते. पुढच्या सत्रात बाहेरचा एक पेपर घ्यायचाय. सगळे सांगतात सोपा घे, गुण मिळतील. मला विज्ञानाच्या इतिहासाचा घ्यायचाय. पुढे उपयोग होईल का?

पाणंद

@अंकुर, घे. नोकरीत उपयोग होईल असं मी वचन देत नाही. पण तू पेशी हा शब्द रोज वापरतेस. तो पहिल्यांदा वापरणाऱ्या हूकला १६६५ साली सूक्ष्मदर्शकातून बुचाच्या कापात फक्त रिकाम्या खोल्या दिसल्या होत्या, हे कळलं की त्या शब्दाकडे तू वेगळ्या डोळ्यांनी बघशील. शिकवणारे कोण आहेत तेही विचारून घे, निम्मं त्यावर असतं.

निळी शाई

सगळ्यांचे आभार. तानपुरा यांनी सांगितलेलं काल वर्गात करून बघितलं. लाकडी फळी, दोन खिळे, स्टीलची तार, साठ सेंटिमीटर. तिसावर दाबलं, मग चाळीसवर. पंचम लागला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी आपणहून गुणगुणायला लागली. तिने लहानपणी गाणं सोडलं होतं म्हणे. मग एकाने विचारलं, सर हे कुठल्या वहीत लिहायचं? मी म्हटलं, तुझ्याकडे ज्या आहेत त्या सगळ्यांत लिही. पुढच्या आठवड्यात केप्लरचे आकडे नेणार आहे. ग्रहांचे वेग मुलांनाच काढायला सांगेन.

तानपुरा

शनीपासून सुरुवात करा. सूर्याजवळ आणि सूर्यापासून लांब असतानाच्या त्याच्या दोन वेगांचं गुणोत्तर केप्लरला शुद्ध गंधाराच्या जवळचं, ५:४ मिळालं होतं. मुलांना काय मिळतं ते इथे नक्की लिहा.